‘आमच्याकडे तशी सोय नाही’

२०२१ साली मी पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीच्या कार्मिक विभागात होते. पॅकिंगच्या कामासाठी भरती चालू होती. एका उमेदवाराची फाईल माझ्या टेबलावर आली. दहावीच्या गुणपत्रिकेवर मुलाचं नाव, आधार कार्डावर बाईचं. शाळेच्या दाखल्यासोबतच्या फोटोत बारीक कापलेले केस, अर्जावरच्या फोटोत कानात झुमके आणि नीट विंचरलेली वेणी. मुलाखत चांगली झाली होती, तसा शेराही होता. मी फाईलवर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि लिहिलं, ‘कागदपत्रांत तफावत’. वरिष्ठांनी चिठ्ठी वाचली, फोटो पाहिले आणि म्हणाले, “आपल्याकडे तशी सोय कुठे आहे?” फाईल कपाटात गेली. त्या बाईंना ‘तुम्ही तृतीयपंथी आहात म्हणून नको’ असं कुणीही म्हटलं नाही. त्यांना कुणी काहीच कळवलं नाही.

भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवीगाळ येते, हाकलून देणं येतं. तेही घडतंच. पण नोकरीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा त्या पिवळ्या चिठ्ठीसारखा येतो. अर्जात रकाना नाही, नियमात तरतूद नाही, स्वच्छतागृह नाही, सॉफ्टवेअरमध्ये पर्याय नाही. कायद्याला पहिल्या प्रकारचा भेदभाव ओळखायला बराच काळ लागला. दुसऱ्या प्रकाराला नाव देऊन तोही गुन्हेगारासारखा समोर उभा करायला २०२५ उजाडावं लागलं.

आधी शब्दांचं बघू. जन्माच्या वेळी ज्याची नोंद मुलगा किंवा मुलगी अशी झाली, पण ज्याची स्वतःबद्दलची ओळख त्या नोंदीशी जुळत नाही, अशा व्यक्तीला ट्रान्सजेंडर म्हणतात. मराठीत सरकारी कागदांवर ‘तृतीयपंथी’ लिहितात, काही लेखक ‘पारलिंगी’ वापरतात. हिजडा समाज, त्यातली घराणी, गुरू-चेल्याची नाती, यल्लम्माचे जोगते ही यातली आपल्या ओळखीची रूपं. पण तेवढ्यावर हा विषय संपत नाही. मुलगी म्हणून जन्मनोंद झालेले आणि पुरुष म्हणून जगणारे ट्रान्स पुरुषही आहेत. बँकेत, कॉल सेंटरमध्ये, शाळेत काम करणारे बरेच जण ओळख लपवून नोकरी करतात. सिग्नलवर टाळी वाजवणारी बाई आपल्याला दिसते, शेजारच्या टेबलावर जीव मुठीत धरून बसलेला सहकारी दिसत नाही.

ही माणसं ‘काम का करत नाहीत’ असा प्रश्न सर्रास विचारला जातो, आणि त्याचा मला राग येतो, कारण उत्तर इतिहासात स्पष्ट लिहिलेलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात हा कायदा सगळ्यांना माहीत आहे. त्याच कायद्याचा एक वेगळा भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झालेल्या व्यक्तीनं बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसणं किंवा पैसे घेऊन नाचणं-गाणं केलं तर विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ज्या कामावर पोट होतं, तेच काम गुन्हा ठरवलं. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून पैसे मागणंही त्यात ‘भीक’ या व्याख्येत बसवलं आहे. नोकरी कुणी देत नाही, आणि मंगती केली की पोलीस उचलतात. तृतीयपंथींच्या हक्कांसाठी आणलेल्या २०१८ च्या विधेयकात त्यांना भीक मागायला लावणं हा पुन्हा वेगळा गुन्हा ठरवला होता. तृतीयपंथी समाजातूनच ओरड झाली, कारण अशा कलमाचा पहिला फटका गुरू-चेल्यांच्या घरांनाच बसला असता. २०१९ मध्ये ते कलम गाळलं गेलं.

आता कायद्याच्या बाजूनं. मोठं वळण आलं १५ एप्रिल २०१४ रोजी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी निकाल दिला. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही या खटल्यात बाजू मांडायला उभ्या होत्या. निकालाचा गाभा एका शब्दात आहे. राज्यघटनेचं कलम १५ म्हणतं, लिंगाच्या कारणावरून भेदभाव नको. कलम १६ सरकारी नोकरीबद्दल तेच म्हणतं. न्यायालयानं सांगितलं की या ‘लिंग’ शब्दात शरीराची रचना तर येतेच, शिवाय माणसाची स्वतःची लिंगओळखही येते. घटना लिहिताना तृतीयपंथींचा वेगळा उल्लेख केला नसला, तरी शब्द त्यांनाही आपल्यात घेतो.

असाच युक्तिवाद सहा वर्षांनी अमेरिकेत झाला. मिशिगन राज्यात एका अंत्यविधी करणाऱ्या संस्थेत एमी स्टीफन्स काम करत होत्या. २०१३ साली त्यांनी मालकाला पत्र लिहून कळवलं की यापुढे मी बाई म्हणून कामावर येईन. त्यांना काढून टाकलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीत ‘लिंगावरून’ भेदभाव करायला बंदी होती, ट्रान्स हा शब्द नव्हता. जून २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की एखाद्याला ट्रान्स म्हणून काढताना त्याचं लिंग विचारात घ्यावंच लागतं, म्हणून ही बंदी इथेही लागू होते. एमी तो निकाल ऐकायला नव्हत्या, महिनाभर आधीच त्या गेल्या. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या कचेऱ्यांनाही हाच निकाल लागू आहे. तिथला खटला थेट खासगी मालकाविरुद्ध होता, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे गाडं तिथेच अडलं होतं.

कारण आपल्या घटनेतली समानतेची ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. कलम १६ तर सरकारी नोकरीपुरतंच आहे. खासगी कारखाना, हॉटेल, शाळा किंवा दवाखान्यानं तृतीयपंथी म्हणून कुणाला दारातून परत पाठवलं तर २०१४ च्या निकालाचा कागद दाखवून फारसं काही होत नव्हतं. ही पोकळी भरायला २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. जानेवारी २०२० पासून तो लागू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नियम आले. या कायद्याचं कलम ९ कामगारानं पाठ करून ठेवावं असं आहे. कोणतीही आस्थापना भरती, बढती किंवा नोकरीच्या इतर कोणत्याही बाबतीत तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करणार नाही. ‘आस्थापना’ या शब्दात सरकारी खाती येतात, तशाच कंपन्या, सहकारी संस्था, ट्रस्ट आणि साध्या भागीदारी पेढ्याही. कलम ११ म्हणतं, प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी हवा. नियमांनुसार त्यानं पंधरा दिवसांत चौकशी करायची. याशिवाय समान संधी धोरण लिहून दर्शनी भागात लावायचं.

माझ्या त्या जुन्या कंपनीत २०२१ साली हा कायदा लागू होता. भिंतीवर सुरक्षिततेची पोस्टर्स होती, महिला तक्रार समितीचा बोर्ड होता. तक्रार अधिकाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते असायला हवं हे कार्मिक विभागातल्या आम्हा चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

कायद्यावरचा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. २०१९ च्या मूळ कायद्यात कलम १८ मध्ये शिक्षा सांगितल्या होत्या, सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. पण कशासाठी? वेठबिगारी, सार्वजनिक जागी अडवणं, घरातून किंवा गावातून हाकलणं, मारहाण, लैंगिक अत्याचार. या यादीत नोकरी नाकारणं नाही. कलम ९ मोडलं तर मालकाला काय होणार, याचं उत्तर कायद्यात शोधून सापडत नाही. आणि कामाच्या जागी लैंगिक अत्याचार झाला तर? या कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. एकाच मशीनवर काम करणाऱ्या दोघींच्या शरीराची किंमत कायद्यानं अशी वेगवेगळी ठरवावी, याचं समर्थन मला तरी कुठल्याही बाजूनं करता येत नाही.

अशा कायद्याचं प्रत्यक्षात काय होतं ते एका शिक्षिकेच्या खटल्यात दिसलं. ट्रान्स स्त्री असलेल्या या बाईंना उत्तर प्रदेशातल्या एका खासगी शाळेतली नोकरी रुजू झाल्यावर काही दिवसांतच सोडावी लागली. मग गुजरातमधल्या दुसऱ्या शाळेनं त्यांना निवडलं आणि ओळख कळल्यावर रुजू करून घेतलं नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला. केंद्र सरकार, उत्तर प्रदेश, गुजरात आणि ती गुजरातमधली शाळा अशा चौघांनी प्रत्येकी ५० हजार रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

शाळेनं भरपाई द्यावी हे समजतं. सरकारांनी का? मला या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. न्यायालयाचं म्हणणं असं की कायदा आणि नियम असूनही सरकारांनी ते मृत अक्षरं करून ठेवले. तक्रार अधिकारी नेमले गेले नाहीत, यंत्रणा उभी राहिली नाही, त्यामुळे या बाईंना दाद मागायला जागाच नव्हती. जे करायला हवं ते न करणं हासुद्धा भेदभावच आहे. शिवाय दुसऱ्याला बरोबरीनं काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून देणं हे मालकाचं आणि सरकारचं कर्तव्य आहे, ती मेहेरबानी नाही. न्यायालयानं दिल्ली उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि देशभरासाठी समान संधी धोरण तयार करायला सांगितलं. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे आजवर कारण म्हणून दिलं जात होतं. या निकालानंतर ते वाक्य म्हणजे कबुलीजबाब झालं आहे.

महाराष्ट्रात हेच वाक्य आपण पोलीस भरतीत ऐकलं. २०२२ च्या भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. तिसऱ्याला अर्जच भरता येईना. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार उच्च न्यायालयात गेलं. म्हणणं काय, तर धोरण ठरलेलं नाही, शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, त्यामुळे हे अवघड आहे. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठानं ते ऐकलं नाही. निकष फेब्रुवारी २०२३ पर्यंत ठरवा, असं बजावलं आणि तिसरा पर्याय अर्जात आला. तमिळनाडूत हे आधीच घडून गेलं होतं. प्रीतिका याशिनी या ट्रान्स स्त्रीला असाच रकाना नसल्यामुळे नकार मिळाला, २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या पोलीस उपनिरीक्षक झाल्या. धावायचं किती, गोळा किती लांब टाकायचा, हे ठरवणं खरंच इतकं अवघड आहे का? बायकांना पोलिसांत घेतलं तेव्हाही कुणीतरी बसून हे आकडे ठरवलेच होते.

आरक्षणाचा वाद मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तो लगेच कळेल. २०१४ च्या निकालानं तृतीयपंथींना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षणाचे फायदे द्यायला सांगितलं. काही राज्यांनी याचा सोपा अर्थ काढला, त्यांना ओबीसीत घाला. आता विचार करा. एखादी तृतीयपंथी व्यक्ती बौद्ध किंवा मातंग कुटुंबातली आहे. तिला अनुसूचित जातीचं आरक्षण आधीच आहे. ओबीसीत घातलं तर तिनं कुठलं सोडायचं? दुसरी व्यक्ती मुळात माळी किंवा धनगर घरातली. तिला मागास म्हणून जे होतं तेच राहिलं, तृतीयपंथी म्हणून नवं काहीच मिळालं नाही. वर लहानपणी शाळेतून हाकलल्या गेलेल्या मुलीनं व्यवस्थित शिकलेल्या हजारो उमेदवारांशी त्याच यादीत स्पर्धा करायची. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून नोंद झालेले देशात सुमारे ४ लाख ८८ हजार, महाराष्ट्रात जवळपास ४१ हजार. त्यांच्यातली साक्षरता ५६ टक्के, देशाची ७४ टक्के.

म्हणून तमिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या समांतर आरक्षण मागतात. महाराष्ट्रात महिलांचं ३० टक्के आरक्षण जसं प्रत्येक प्रवर्गाच्या आत चालतं, खुल्यात खुल्यातल्या महिला, अनुसूचित जातीत त्या प्रवर्गातल्या महिला, तसंच. कुणाची जात पुसली जात नाही आणि तृतीयपंथी म्हणून सोसलेलं वेगळं मोजलं जातं. कर्नाटकनं २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गात एक टक्का असं समांतर आरक्षण दिलं. मला हाच मार्ग बरोबर वाटतो.

नोकरी मिळाली तरी टिकायची कशी? २०१७ मध्ये कोची मेट्रोनं २३ ट्रान्सजेंडर व्यक्तींना कामावर घेतलं. देशभर कौतुक झालं. काही आठवड्यांतच त्यातल्या आठ जणांनी नोकरी सोडली. काम जमत नव्हतं असं नाही, शहरात कुणी भाड्यानं खोली देईना. लॉजवर रोजचे पैसे मोजायचे तर पगार त्यातच संपायचा. हे वाचताना मला पेठेत आणि उपनगरांत ‘फक्त फॅमिलीसाठी’ लिहिलेल्या पाट्या आठवतात. आपल्याकडे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. सिग्नलवर ज्यांना काच वर करून टाळत होतो, तेच गणवेशात उभे राहून कचरा टाकणाऱ्याला दंडाची पावती देऊ लागले. अशी आणखी कामं निघायला हवीत, पण ती कंत्राटावर असली की सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तीच धास्ती.

राहिला स्वच्छतागृहाचा प्रश्न, ज्यावर चर्चा हमखास तापते. बायका म्हणतात, आमच्या स्वच्छतागृहात कोण येणार याची भीती वाटते. ही भीती झटकून टाकू नये. कारखान्यांतल्या कितीतरी स्वच्छतागृहांना आजही धड कडी नसते, हे मी स्वतः पाहिलंय. पण मग कडी बसवली पाहिजे, दिवा लावला पाहिजे. कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृहांची स्वतंत्र सोय सांगितली आहे, आणि ती धरून चारही कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मात्र ट्रान्स समाजातच यावर दोन मतं आहेत. ज्या ट्रान्स स्त्रीनं ओळख उघड केलेली नाही तिला ‘तुझं स्वच्छतागृह तिकडे’ म्हणणं म्हणजे सगळ्या कंपनीसमोर तिची ओळख फोडणं. एका वेळी एकालाच वापरता येईल आणि आतून कडी लावता येईल अशी, पाटीवर चित्र नसलेली खोली हा बऱ्याच ठिकाणी सगळ्यांत कमी त्रासाचा उपाय ठरतो. वेतन संहितेतही एक लहान बदल आहे. १९७६ चा समान वेतन कायदा स्त्री-पुरुषांबद्दल बोलत होता, नवी संहिता ‘लिंगावरून’ पगारात फरक नको म्हणते.

दुसरा आक्षेप दुकानदारांकडून येतो, “आमचं काही नाही हो, गिऱ्हाइकाला चालत नाही.” महाडच्या तळ्याची गोष्ट शाळेत शिकलेल्या माणसानं तरी हे वाक्य उच्चारू नये. १९२७ सालीही ‘आमचं काही नाही, गावाला चालत नाही’ असंच म्हणत होते, आणि पुढे घटनेनं दुकान, हॉटेल, पाणवठा सगळ्यांना खुला केला तो गावाला विचारून केला नाही.

आता त्या फाईलकडे परत येते, कारण कागदपत्रांची ‘तफावत’ ही अजूनही सगळ्यांत जास्त वापरली जाणारी सबब आहे. २०१९ च्या मूळ कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळख प्रमाणपत्राची व्यवस्था होती, आणि त्याच्या आधारे जन्मदाखल्यापासून गुणपत्रिकेपर्यंत नाव बदलून मिळण्याचा हक्क दिला. २०२० च्या नियमांत त्या त्या कार्यालयानं हा बदल पंधरा दिवसांत करून द्यावा असं लिहिलं. म्हणजे गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असणं ही लबाडी नव्हती, दुरुस्तीच्या अधेमधे असलेला तो एक साधा टप्पा होता. मला त्या बाईंना एक फोन करून ‘प्रमाणपत्र काढलंय का? नसेल तर तोवर प्रतिज्ञापत्र द्या, आम्ही थांबतो’ एवढंच विचारायचं होतं. अर्जावर त्यांचा नंबर होता. पॅकिंग विभागात त्या महिन्यात अकरा जागा भरल्या, बारावी पुढच्या भरतीपर्यंत रिकामी राहिली.